हातांच्या फाइली

१२ जून

प्रिय ठोंब्या,

आशीर्वाद. लग्न झालं, बायको आली, आता तरी मला या नावाने हाक मारू नकोस, असं तू म्हणशील. मी मारणार.

सोबत खोकं पाठवते आहे. आत एक हार्ड डिस्क आहे, दोन टॉवेलांत गुंडाळलेली. टॉवेल परत पाठव. कुरिअरवाल्याने विचारलं, "आत काय आहे?" मी म्हटलं, "माझी पोरं." त्याने माझ्याकडे एकदा नीट पाहिलं आणि पावतीवर 'कपडे' असं लिहिलं.

तुला आठवत असेल तर, नसेलच आठवत, मी जन्मभर बहिऱ्या मुलांच्या शाळेत शिकवलं. ही मुलं घरून येताना आपापल्या खुणा घेऊन येत. कुणाची आजी गालगुच्चा घ्यायची, म्हणून आजी म्हणजे गालाला चिमटा. कुणाची सुट्टी म्हणजे रिकामं दप्तर झटकणं. पुस्तकात न मिळणाऱ्या या खुणा मी वर्षानुवर्षं कॅमेऱ्यावर घेतल्या. प्रत्येक खुणेची एक छोटी फिल्म. शाळा बंद पडली, इमारत गेली, बाकं गेली, ट्रस्टींना फुलांचे गुच्छ मिळाले. उरली ही डिस्क.

परवा लावली तर कॉम्प्युटर म्हणतो, डिस्क वाचता येत नाही, फॉरमॅट करायची का? मी 'नाही' म्हटलं. आमच्या कॉन्व्हेंटमधल्या सिस्टर सांगायच्या, प्रश्न कळला नसेल तर 'हो' म्हणू नये. या शिकवणीचा मला लग्नाच्या बाबतीतही फार उपयोग झाला.

गेलेला डेटा परत काढणं हे तुझं काम, असं तुझे बाबा चारचौघांत सांगत असतात. तर काढ.

तुझी आत्या

*

१९ जून

ती. आत्यास सा. न.

टॉवेल मिळाले. डिस्कही मिळाली. (तुझ्याच क्रमाने लिहितोय.)

घाबरू नकोस. डिस्कच्या अगदी सुरुवातीला एक छोटासा तक्ता असतो, त्याला पार्टिशन टेबल म्हणतात. कुठला भाग कुठून सुरू होतो आणि कुठे संपतो, एवढंच त्यात लिहिलेलं असतं. तो तक्ता बिघडला की कॉम्प्युटरला अख्खी डिस्क कोरी वाटते. दार सापडलं नाही म्हणून घरच रिकामं आहे असं समजावं, तसं. आतलं सामान जागच्या जागी असतं. पथ्य एकच: वर नवीन काही लिहायचं नाही. जे नवीन लिहू ते जुन्याच्या डोक्यावर बसतं. तू 'नाही' म्हटलंस हे फार शहाणपणाचं केलंस. आमच्याकडे येणारी दहातली आठ माणसं 'हो' म्हणून मग रडत येतात.

आधी मी पूर्ण डिस्कची हुबेहूब नक्कल करतो. मूळ डिस्कला हात लावत नाही, नकलेवरच तक्ता दुरुस्त करतो. रविवारी बसतो. तासाभराचं काम आहे. फाइली नावानिशी परत मिळतील.

चालू असताना कुणी वायर उपटली होती का? बहुतेक वेळा त्यानेच होतं.

तुझा (नाइलाजाने) ठोंब्या

*

२६ जून

प्रिय ठोंब्या,

तुझं पत्र तीनदा वाचलं. बाबांवर न जाता तू सोपं लिहितोस, हे पाहून बरं वाटलं. तुझे बाबा चहा मागायचा तरी प्रस्तावना करतात.

नावानिशी मिळतील म्हणालास, त्यावर माझा जीव टांगलेला आहे. कारण नावातच सगळं आहे. मी वेगळी यादी कधी केलीच नाही. फाइलीचं नाव म्हणजेच त्या खुणेचा अर्थ. 'लपवलेला खाऊ', 'वडील आज प्यायले आहेत', 'मला ती मुलगी आवडते पण सांगू नका'. हो, या सगळ्याला एकेका हातात मावणारी खूण होती. नाव गेलं तर काय उरलं? हात हलवणारं एक पोर.

वायर कोण उपटणार? डिस्क माझ्या कपाटात असते. मार्चमध्ये चिमणी दोन दिवस घेऊन गेली होती, तेवढंच. चिमणी माझ्या पहिल्या वर्गातली. हात असे फडफडायचे की हे नाव पडलं ते पडलंच. आता ती स्वतः लहान बहिऱ्या मुलांचा वर्ग चालवते. पत्र्याची पिंपं ठोकतात त्या कारखान्याच्या वरच्या मजल्यावर. तिथल्या आवाजापायी कुणी भाडेकरू टिकत नाही, म्हणून जागा स्वस्तात मिळाली, आणि हिच्या वर्गात त्या आवाजाचा कुणाला त्रास नाही. ही सोय मला सुचली नसती.

डिस्क तिच्याच वर्गाला द्यायची आहे. मोठ्या संस्थेची माणसं पुस्तकातल्या खुणा शिकवतात. छान आहेत, इस्त्री केलेल्या आहेत. पण आमच्या पोरांनी स्वतःच्या पोटातून काढलेल्या खुणा मी गेल्यावर कुणाला कळणार? चिमणी रोज हातानेच विचारते, "आलं का?" मी सांगते, "माझा भाचा हुशार आहे." तोंडघशी पाडू नकोस.

आत्या

*

२१ जुलै

ती. आत्यास,

उशीर झाला, माफ कर. ऑफिसात काम फार होतं.

डिस्क जुनी आहे. जुन्या डिस्कांचं असं होतं. तक्ता दुरुस्त केला, पण प्रकरण वाटलं त्यापेक्षा गुंतागुंतीचं निघालं. फाइलींची नावं वेगळ्या जागी लिहिलेली असतात. ती जागा पुसली गेली आहे. त्यामुळे नावं मिळाली नाहीत. क्लिप मात्र बऱ्याच मिळाल्या, एकेक तुकडा शोधून काढल्या. त्यांना आता नुसते आकडे आहेत. सुरुवातीच्या वर्षांच्या बहुतेक गेल्या. काही अर्ध्यात तुटतात.

नव्या डिस्कवर भरून पाठवतो आहे. जुनी माझ्याकडेच राहू दे, तिचा आता काही उपयोग नाही. टॉवेल सोबत आहेत.

घरात कुणाशी याबद्दल बोलत बसू नकोस. उगाच चर्चा होते.

तुझा भाचा

*

२९ जुलै

प्रिय भाच्यास,

नवी डिस्क मिळाली. टॉवेल धुऊन पाठवलेस. धुतलेले टॉवेल पाहूनच मला कळलं की पत्रात काहीतरी वाईट असणार.

'पुसली गेली' म्हणतोस. काय आपोआप पुसली गेली? वाऱ्याने? तू चिमणीच्या चुकीवर पांघरूण घालतो आहेस, हे मला कळलं. डिस्क माझ्या घराबाहेर एकदाच गेली आणि ती चिमणीकडे. तू चांगल्या मनाचा आहेस, एका बहिऱ्या बाईला दोष द्यायला तुझी जीभ रेटत नाही. मला मात्र असली दया कधीच जमली नाही. बहिरी आहे म्हणून तिच्या चुकांना सूट द्यायची, हे मी शाळेत एक दिवस केलं नाही, आता काय करणार?

काल ती आली. तिच्या वर्गातल्या एका मुलाने 'पाऊस पडणार' यासाठी नवी खूण काढली होती, ती दाखवायला. दारातच हात सुरू झाले. मी पाठ फिरवली.

याचा अर्थ तुला कळणार नाही. बहिऱ्या माणसाच्या तोंडावर दार आपटलं तर त्याला आवाज येत नाही. पाठ फिरवली की येतो. माझ्या शाळेत एका शिक्षिकेने रागाने मुलांकडे पाठ केली होती, तर मी तिला त्याच दिवशी घरी पाठवलं होतं. मागे वळून पाहिलं तेव्हा चिमणी जिना उतरत होती, हात खाली, दोन्ही बाजूंना लोंबत.

मी नव्या डिस्कवरच्या क्लिप पाहिल्या. एक मुलगा दोन्ही मुठी एकमेकांवर आपटतो, वर बघतो आणि हसतो. आकडा ००४१२. काय म्हणतो आहे तो? तू सांग. तू हुशार ना.

आत्या

*

८ ऑगस्ट

ती. आत्या,

चिमणीताईंना बोलू नकोस. त्यांनी काही केलं नसेल. अशा गोष्टीत कुणा एकाचा दोष नसतो. माझं ऐक, झालं गेलं सोडून दे. ज्या क्लिप आहेत त्या तरी आहेत.

तब्येतीला जप.

तुझा भाचा

*

१७ ऑगस्ट

भाच्यास,

"झालं गेलं सोडून दे." हे वाक्य तुझं नाही. हे तुझ्या बाबांचं आहे. आमचे वडील वारले तेव्हा, शाळा बंद झाली तेव्हा, माझं ऑपरेशन झालं तेव्हा, प्रत्येक वेळी त्यांनी हेच बजावलं. तुझ्या तोंडात ते कुठून आलं, याचा मी आठवडाभर विचार केला.

चिमणीने फोनवर लिहून विचारलं, "बाई, माझं काय चुकलं?" मी उत्तर दिलं, "माझं आयुष्य पुसलंस." हे मी लिहिलं ते तुझ्या पत्राच्या जोरावर, लक्षात ठेव.

आता मी विचारते त्याची उत्तरं दे. तक्ता दुरुस्त झाला की आतलं दिसतं, असं तूच शिकवलंस. मग दुरुस्त केल्यावर त्या रविवारी तुला काय दिसलं? जे नवीन लिहू ते जुन्याच्या डोक्यावर बसतं, असंही तूच म्हणालास. मग माझ्या पोरांच्या डोक्यावर काय बसलं आहे? आणि उपयोग नसलेली जुनी डिस्क तू स्वतःकडे का ठेवतोस?

मी कॉम्प्युटर शिकले नाही. पण वर्गात न केलेल्या गृहपाठाची कारणं ऐकत मी म्हातारी झाले आहे. मूग गिळून बसू नकोस.

आत्या

*

२ सप्टेंबर

आत्या,

तक्ता दुरुस्त केला तेव्हा डिस्कवर एकच फाइल दिसली. माझ्या लग्नाची फिल्म.

तारीख एप्रिलमधली, लग्नासाठी आमचं वऱ्हाड तुझ्या घरी उतरलं होतं त्या आठवड्यातली. डिस्क त्याच दिवशी फॉरमॅट झालेली. फॉरमॅट म्हणजे तुझ्या फाइलींच्या नावांची जागा नव्याने आखली गेली आणि मग तीन तासांची फिल्म पहिल्या भागावर जाऊन बसली. तुझी सुरुवातीची सगळी वर्षं तिच्या खाली आहेत. खाली म्हणजे, नाहीत. नंतर कुणीतरी चालू असताना वायर ओढली आणि तक्ता बिघडला. वायरीचं नुकसान मी तासात भरून काढलं. आधीच्याचं कुणालाच काढता येणार नाही.

कुणीतरी म्हणजे बाबांनी. मी फोन करून विचारलं. आधी त्यांनी कानांवर हात ठेवले, मग म्हणाले, "हो, एक जुनी डिस्क कपाटात पडली होती खरी." रिसेप्शनला पाहुण्यांना हॉलवर लग्नाची फिल्म दाखवायची होती, पेन ड्राइव्हमध्ये मावत नव्हती.

मी स्क्रीनसमोर बसलो होतो आणि माझीच वरात चालली होती. बायको मागून म्हणाली, "अय्या, आपलं लग्न! कुठे मिळालं?" मला सांगता आलं नाही. तुलाही नाही. तुमच्या दोघांत आधीच विस्तव जात नाही. वाटलं, डिस्क जुनी होती म्हटलं की संपेल. तू चिमणीताईंचं नाव घेतलंस तेव्हाच सांगायला हवं होतं. तेव्हाही नाही सांगितलं. चोर सोडून संन्याशाला फाशी दिली, आणि दोर मी पुरवला.

बाबांना तुला पत्र लिहायला सांगितलं आहे.

ठोंब्या

*

११ सप्टेंबर

ती. ताईस सा. न. वि. वि.

इकडे सर्व क्षेम आहे. माझी साखर आटोक्यात आहे. मुलाकडून कळलं की तू एका डिस्कवरून मनाला लावून घेतलं आहेस. म्हणून खुलासा करणं माझं कर्तव्य समजतो.

मी काही अविचाराने वागलेलो नाही. मी ती डिस्क आधी उघडून पाहिली. एकदोन नव्हे, चांगल्या दहा-बारा फिल्म लावून पाहिल्या. एकीतही आवाज नव्हता. व्हॉल्यूम पूर्ण वाढवला, स्पीकर बदलून पाहिले, फोटोग्राफरलाही विचारलं. तो म्हणाला, "काका, आवाज उडालाय, फाइली खराब झाल्यात." पोरं नुसते हात हलवत होती. मला वाटलं, बिचाऱ्या ताईच्या फिल्म बिघडल्या, तिला कळलंही नाही. खराब झालेली वस्तू सांभाळून करायचं काय? म्हणून ती साफ करून कामाला लावली. उलट तुला वाईट वाटू नये म्हणूनच मी बोललो नाही.

आणि लग्न एकदाच होतं, ताई. कार्याच्या घरात एवढं तेवढं व्हायचंच. तुला दुप्पट मोठी नवी डिस्क घेऊन देतो. फिल्म जरूर पाहा. तू जेवणाच्या हॉलमध्ये एका ठिकाणी छान आली आहेस.

झालं गेलं सोडून दे.

तुझा भाऊ

*

९ ऑक्टोबर

प्रिय ठोंब्या,

तुझ्या बाबांच्या पत्राला मी उत्तर दिलं नाही, देणार नाही. आपलेच दात आणि आपलेच ओठ, असं म्हणून लोक गप्प बसतात. मी म्हणते, दात किडला की उपटावा.

पण ते पत्र मी रोज वाचते. आवाज नव्हता म्हणून खराब! माझा सख्खा भाऊ. माझ्या पगारावर शिकलेला, माझ्या शाळेच्या प्रत्येक कार्यक्रमात पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवलेला. ज्यांना टाळ्या ऐकू येत नाहीत त्यांच्यासाठी टाळ्या वाजवतो आहे, हे त्याला इतक्या वर्षांत कधी उमगलंच नाही. आवाज मीच बंद ठेवला होता. खूण करताना मुलांच्या घशातून जे आवाज निघतात ते ऐकून पाहुणे हसायचे. म्हटलं, निदान इथे तरी कुणी हसू नये. हसलं नाही कुणी. पुसून टाकलं.

तुझ्या बाबांचा मूर्खपणा जन्मजात आहे, त्याला मी काय करणार? तुझं तसं नाही. तुला सगळं दिसत होतं आणि तू टॉवेल धूत बसलास. माफ केलं, असं मी लिहावं म्हणून तू दर चार दिवसांनी फोन करतोस. लिहिणार नाही. मात्र पाठ फिरवणारी मी होते, तू नव्हेस, तेवढा हिशोब मला येतो. तो तुझ्या नावावर टाकत नाही.

मी चिमणीकडे गेले. खाली पिंपं ठोकणं चालू होतं, जिना हादरत होता. वर पोरं गोल बसलेली, मध्ये ती, हात नुसते उडत होते. मला पाहून थांबले. मी दारातूनच सांगितलं, हातांनी, जेवढं येतं तेवढं सगळं. डिस्क कुणी पुसली, मी तिला काय बोलले, मी चुकले. म्हाताऱ्या बोटांनी चुकीची माफी मागणं फार अवघड असतं. बोटं कापतात आणि खुणेचा अर्थ बदलतो. तिने शेवटपर्यंत पाहिलं. नजर हलवली नाही. मग फळ्याखालचा एक कागद घेतला, त्यावर लिहिलं आणि माझ्यापुढे धरला. "बसावे. मुलांचा तास संपल्यावर क्लिप पाहू."

तेव्हापासून आठवड्यातून दोनदा जाते. मी क्लिप लावते, ती अर्थ लिहून देते. मला न आठवणाऱ्या तिला येतात. मुठी आपटून वर बघणारा तो मुलगा म्हणतो आहे, 'बाई आज रागावल्या नाहीत.' ००४१२ ला आता नाव आहे. काम चांगलं चाललं आहे. हे मी तुला मुद्दाम कळवते, कारण क्लिप तू शोधून काढल्यास आणि त्याचं श्रेय तुझं आहे. पहिल्या वर्गाच्या सगळ्या गेल्या. चिमणीची स्वतःची एकही नाही. सात वर्षांची चिमणी आता कुठेच नाही, तिथे तुझी वरात आहे.

पण माझ्याशी ती हाताने बोलत नाही. पोरांशी बोलते, त्यांच्या आयांशी बोलते, स्क्रीनवरच्या जुन्या मुलांना तर हसून उत्तरं देते. माझ्याकडे वळली की हात खाली जातात आणि कागद पुढे येतो. बँकेत, दवाखान्यात, पोस्टात ती असंच करते. ज्यांना तिची भाषा येत नाही त्यांच्यासाठी ती कागद बाळगते.

काल मी खुणेने विचारलं, आज थांबू या का, थकलीस? तिने कागद ओढला. लिहिलं, "माझी हरकत नाही. आपल्या सोयीप्रमाणे." खाली सही, पूर्ण नाव, आडनावासकट.

अक्षर सुरेख आहे. मीच हात धरून गिरवून घेतलं होतं.

आत्या